मर्क्युशिओ मरतो तो सीन: टीनेजर पोरांना ‘रोमिओ ॲण्ड ज्युलिएट’मधला संघर्ष आणि ताण शिकवायचा कसा

नववी-दहावी-अकरावीच्या पोरांना हे नाटक शिकवायला घेतलं की पहिली अडचण ठरलेली असते, शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. तुम्ही फळ्यावर नाव लिहीपर्यंत मागच्या बाकावरून येतंच, “दोघं मरतात ना शेवटी?” आणि मग नवीन शिक्षकाचा चेहरा पडतो की झालं, आता सस्पेन्स कुठून आणू. तर सांगायचं हे की टेन्शन घेऊ नका, हो म्हणून टाका. शेक्सपिअरने स्वतःच पडदा उघडायच्या आधी १४ ओळींच्या प्रोलॉगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या निवेदनात, सगळं सांगून टाकलंय, व्हेरोना शहर, दोन घराणी, जुनं वैर, त्यांची पोरं प्रेमात पडणार, जीव देणार, आणि मग कुठे आईबापांचं भांडण मिटणार. पुढचे दोन तास हेच बघायचंय असंही सांगितलंय. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याला ‘पुढे काय होणार’ याच्यावर नाटक चालवायचंच नव्हतं.

मग चालतं कशावर? माझं मत असं की या नाटकातला सगळा ताण एकाच गोष्टीवर उभा आहे, कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही. ते पोरांच्या डोक्यात एकदा बसलं की बाकीचं त्यांचं ते शोधतात, तुम्हाला फार बोलावं लागत नाही. आणि संघर्ष म्हणजे काय तर दोन माणसांना, किंवा एकाच माणसाला, अशा दोन गोष्टी हव्या असणं ज्या एकत्र मिळूच शकत नाहीत. गाईडमध्ये असतो तसा ‘अंतर्गत संघर्ष’, ‘बाह्य संघर्ष’, ‘नियतीशी संघर्ष’ हा तक्ता पहिल्याच दिवशी फळ्यावर काढू नका प्लीज. पोरं तो वहीत उतरवतात, खाली दोन रेघा मारतात आणि त्यांच्या दृष्टीने नाटक तिथंच संपतं. तक्ता शेवटी काढा, तोपर्यंत ती स्वतःच भरतील.

भाषेचं आधी उरकून घेऊ. आपल्याकडच्या पोरांना, अगदी इंग्लिश मिडियमच्या सुद्धा, १५९० च्या दशकातलं इंग्रजी सरळ वाचून कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. गोष्ट मराठीत सांगा, सीन मराठीत उभा करा, आणि प्रत्येक सीनमधल्या तीन-चारच मूळ ओळी इंग्रजीत म्हणायला लावा, त्याही मोठ्याने. रोमिओचा जिवलग दोस्त मर्क्युशिओ, त्याची “अ प्लेग ओ बोथ युअर हाउझेस” (तुमच्या दोन्ही घराण्यांवर मरी येवो) ही ओळ एखाद्या पोराने एकदा ओरडून म्हटली की तो ती जन्मात विसरत नाही. सगळं नाटक ओळ न् ओळ वाचून दाखवायचा हट्ट करणारे शिक्षक मला माहीत आहेत, त्यांच्या वर्गात पोरं मर्क्युशिओच्या आधी मरतात.

पहिल्या तासाला प्रोलॉग वाचून झाला की फळ्यावर वारांचा तक्ता काढा. रविवार ते शुक्रवार पहाट, बस, सगळं नाटक एवढ्यात बसतं. रविवारी सकाळी रस्त्यावर मारामारी, रात्री कॅप्युलेटकडची, म्हणजे ज्युलिएटच्या घरची, पार्टी, दोघं भेटतात, त्याच रात्री बाल्कनी. सोमवारी दुपारी गुपचूप लग्न. लग्न झाल्यावर तासाभरात मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट दोघं मेलेले, रोमिओला हद्दपारी. सोमवारी रात्रीच ज्युलिएटचा बाप तिचं पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न ठरवतो, गुरुवारी. मंगळवारी पहाटे रोमिओ मँट्युआ शहराकडे निघतो, ज्युलिएट फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूकडे जाते, मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाची बाटली घेऊन येते. प्लॅन असा की मेली समजून तिला थडग्यात ठेवतील आणि रोमिओ येऊन घेऊन जाईल. घरी येऊन बापाची माफी मागते, आणि बाप इतका खूश होतो की लग्न एक दिवस अलीकडे ओढतो, बुधवारी. इथे थांबून पोरांना विचारा की बापाने काही वाईट केलं का. नाही केलं, खूश झाला बिचारा. पण त्या एका दिवसाने फ्रायरच्या प्लॅनमधला एक अख्खा दिवस गेला. नाटकात ताण वाढवायला व्हिलन लागतोच असं नाही हे त्यांना इथे पहिल्यांदा कळतं.

आणि हे पण सांगा की शेक्सपिअरने ही गोष्ट स्वतः शोधलेली नाही. आर्थर ब्रूक नावाच्या माणसाची १५६२ सालची इंग्रजी कविता होती, तिच्यात हेच सगळं कित्येक महिन्यांत घडतं, लग्नानंतर दोघं बराच काळ चोरून भेटत असतात. शेक्सपिअरने ते दाबून चार-पाच दिवसांवर आणलं. पोरांना विचारा, महिने ठेवले असते तर काय बिघडलं असतं? एकजण तरी म्हणतोच की मग त्यांना विचार करायला वेळ मिळाला असता. झालं, तुमचा अर्धा तास वसूल.

(ज्यांना गणित आवडतं त्यांच्यासाठी एक किडा: फ्रायर म्हणतो औषधाचा असर ४२ तास राहील. मंगळवारी रात्री घेतलं तर ती कधी उठायला पाहिजे ते मोजा आणि थडग्यातला सीन कधी आहे ते बघा. हिशोब काही नीट बसत नाही, ओढूनताणून बसवावा लागतो. वर्गातली दोन पोरं यावर अख्खी मधली सुट्टी भांडतील, भांडू द्या.)

आता मुख्य जेवण, म्हणजे तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण हा सीन सोडू नका. नाटकाच्या बरोबर मध्यावर आहे, तोपर्यंत हे जवळजवळ विनोदी नाटक वाटू शकतं, ज्युलिएटला सांभाळणाऱ्या नर्सची बडबड, मर्क्युशिओचे चावट जोक, लग्न. इथून पुढे परत वर येत नाही.

सीन उभा करायच्या आधी वर्गाला एक काम द्या. फळ्यावर वरच्या बाजूला नावं लिहा: रोमिओ, मर्क्युशिओ, बेनव्होलिओ (रोमिओचा चुलतभाऊ आणि दोस्त), टिबॉल्ट, आणि शेवटी ‘आपण’ म्हणजे प्रेक्षक. डाव्या बाजूला खाली खाली बातम्या लिहा. पहिली, परत रस्त्यावर मारामारी केली तर जीव जाईल असं शहरावर राज्य करणाऱ्या प्रिन्सने रविवारीच बजावलंय. दुसरी, रोमिओ बोलावणं नसताना पार्टीत घुसला होता, टिबॉल्टने त्याला आवाजावरून ओळखलं, तलवार मागवली, आणि ज्युलिएटच्या बापाने सगळ्यांसमोर त्याला झापून गप्प बसवलं. तिसरी, टिबॉल्टने रोमिओच्या घरी चिठ्ठी पाठवलीय, दोस्तांना वाटतंय ते आव्हानच आहे. चौथी, रोमिओचं ज्युलिएटच्या आधीचं, रोझालिन नावाच्या मुलीवरचं प्रेम कधीच संपलंय. पाचवी, रोमिओ आणि ज्युलिएटचं लग्न झालंय, तासाभरापूर्वी. आता प्रत्येक बातमीसमोर टिक करायची, कोणाला माहीत आहे.

पहिल्या बातमीला सगळ्यांना टिक. मग एकेक टिक कमी होत जाते. दुसऱ्या बातमीतला अपमान टिबॉल्टच्या पोटात आहे, समोरच्या तिघांना त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या बातमीपाशी पोरं अडतात, चिठ्ठीचं मर्क्युशिओ आणि बेनव्होलिओला माहीत आहे पण रोमिओने ती वाचली का? नाटकात तसं कुठे म्हटलेलं नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. चौथ्याला मर्क्युशिओच्या खाली फुली येते, कारण तो अजून रोझालिनवरूनच रोमिओची खेचत असतो, जिवलग दोस्त आणि त्याला एवढंही माहीत नाही. आणि पाचव्या बातमीला फक्त दोन टिका, रोमिओ आणि आपण. स्टेजवर चार जण उभे आहेत आणि त्यातल्या एकालाच माहीत आहे की टिबॉल्ट आता त्याचा नातेवाईक झालाय. तो टिकांचा तक्ता फळ्यावरून पुसू नका, पुढचे सगळे तास तो तिथं राहू दे.

मग सीन. बाकं मागे सरकवा. तलवारी नाहीत, पट्ट्या नाहीत, छडी नाही, काही हातात द्यायचं नाही, एकमेकांना हात लावायचा नाही, हे आधीच ठणकावून सांगा कारण सोळा वर्षांच्या दोन पोरांना ‘मारामारीचा सीन’ म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. नियम एकच, दोघांमधलं अंतर. टिबॉल्ट वर्गाच्या दाराशी, रोमिओ खिडकीपाशी, आणि प्रत्येक वाक्याला ज्याला वाटेल त्याने एक पाऊल पुढे किंवा मागे टाकायचं. कोणी कधी पाऊल टाकलं ते बाकीच्यांनी लिहून ठेवायचं.

सुरुवात बेनव्होलिओपासून करा. तो म्हणतो, ऊन फार आहे, कॅप्युलेट लोक बाहेर फिरतायत, घरी जाऊ या, भेटले तर भांडण टळणार नाही, अशा उन्हात रक्त डोक्यात जातं. जुलैचा महिना आहे हे नाटकातूनच कळतं, कारण ज्युलिएटचा वाढदिवस ३१ जुलैला आहे आणि त्याला पंधरवडा आणि वर थोडे दिवस बाकी आहेत असं नर्स आधी बोललेली असते. हे तुम्ही विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्याच्या शिबिरात शिकवत असाल तर वेगळं काही समजवायची गरजच नाही, पंखा दोन मिनिटं बंद करा आणि मग वाचायला लावा. अहो खरंच करून बघा.

पहिल्या वाचनात फक्त काय घडतं ते. टिबॉल्ट येतो, मर्क्युशिओ त्याला डिवचतो, रोमिओ येतो, टिबॉल्ट त्याला तोंडावर नीच म्हणतो. आणि रोमिओ काय म्हणतो? मी नीच नाही, तुझ्यावर प्रेम करायला माझ्याकडे एक कारण आहे म्हणून मी हे ऐकून घेतोय, तुझं कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे. आता तक्त्याकडे बोट दाखवा. हे वाक्य पाचवी बातमी माहीत असलेल्याला कसं ऐकू येतं आणि माहीत नसलेल्याला कसं? टिबॉल्टला वाटतं हा टिंगल करतोय. मर्क्युशिओला वाटतं हा घाबरला, शेपूट घातलं, आणि त्याला स्वतःलाच लाज वाटते. एकच वाक्य, रोमिओच्या तोंडून अगदी मनापासून आलेलं, आणि ऐकणाऱ्या दोघांच्याही डोक्यात त्याने आग लागते. पावलं मोजणाऱ्या पोरांना विचारा, या वाक्याला कोण पुढे सरकलं. बहुतेक वेळा मर्क्युशिओ करणारं पोर आपोआप पुढे आलेलं असतं, त्याला कोणी सांगितलेलं नसताना.

दुसऱ्या वाचनात एक बदल. रोमिओला सांगा की तू सरळ सांगून टाक, “अरे माझं तुझ्या बहिणीशी लग्न झालंय.” स्वतःच्या शब्दांत पुढे चालू द्या. इथे वर्गात हमखास धमाल येते, टिबॉल्ट कधी गळ्यात पडतो, बहुतेकदा जास्तच भडकतो, एखादीने ज्युलिएटला मधेच पळत आणलं तरी चालेल. दहा मिनिटं द्या. मग शांतपणे विचारा, मग खऱ्या नाटकात तो का नाही सांगत? याचं एक उत्तर नाही आणि तुम्हीही देऊ नका. सांगितलं तर ज्युलिएटचं घरी काय होईल? सांगितलं तरी टिबॉल्ट विश्वास ठेवेल? दोस्ताला आधी सांगितलं नाही आणि आता शत्रूसमोर सांगायचं? पोरं स्वतःच्या घरातल्या, मित्रांतल्या गोष्टी मनात ठेवून बोलायला लागतात, नाव घेत नाहीत पण कळतं. रोमिओला ज्युलिएटचं घराणं पण हवंय आणि दोस्तांतली इज्जत पण, आणि त्या भर रस्त्यात ते दोन्ही एकत्र मिळत नाही. संघर्षाची व्याख्या लिहून घ्यायची असेल तर ही वेळ.

तिसरं वाचन मर्क्युशिओच्या जखमेपासून. रोमिओ मध्ये पडतो, सोडवायला, आणि त्याच्या हाताखालून टिबॉल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. मर्क्युशिओ स्वतःच सांगतो, तू मध्ये का आलास, तुझ्या हाताखालून लागली मला. आधी म्हणतो ओरखडा आहे ओरखडा. दोस्त म्हणतात धीर धर, फार लागलेलं नसणार. कारण हा माणूस आयुष्यभर जोकच करत आलाय, आत्ताही करतोय, उद्या मला शोधलंत तर मी कबरीत सापडेन अशा अर्थाची शाब्दिक कोटी मरताना करतो. वर्गाला विचारा, हा सीरियस आहे हे तुम्हाला कोणत्या शब्दाला कळलं? हात वर करायला लावा, वाचन चालू ठेवा. हात वेगवेगळ्या ठिकाणी वर जातात. ते हात वर जायच्या मधलं जे अंतर आहे, काहींना कळलंय आणि काहींना अजून नाही, तोच ताण, आणि तो वर्गात प्रत्यक्ष दिसतो, त्यासाठी वेगळं भाषण नको.

त्यानंतर रोमिओ टिबॉल्टला मारतो ते फार पटकन होतं, तिथे रेंगाळू नका.

मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांपैकी कोणाचाच नाही, प्रिन्सचा नातेवाईक आहे, हे मात्र नक्की सांगा. भांडण ज्यांचं त्यांच्यापैकी नसलेला माणूस आधी जातो आणि जाताना दोघांच्याही घरांना शाप देतो.

याच सीनच्या शेवटी एक भाग असतो जो बहुतेक जण गाळतात, आणि मला तो फार आवडतो. प्रिन्स येतो आणि विचारतो कोणी सुरू केलं, बेनव्होलिओ जबानी देतो. पोरांना दोन गटांत बसवा, एका गटाने आत्ता प्रत्यक्ष पाहिलेला सीन, दुसऱ्याने बेनव्होलिओची जबानी, आणि पंचनामा लिहायचा. मग ताडून बघा. बेनव्होलिओ सांगतो टिबॉल्ट शांततेचं काही ऐकेना, मर्क्युशिओच्या छातीवर धावून गेला. पण आपण काय पाहिलं? टिबॉल्टला तर रोमिओ हवा होता, तलवार काढून “चल ये” असं टिबॉल्टला आधी कोण म्हणालं? मर्क्युशिओ. साधा, शांत, सगळ्यांना घरी चला म्हणणारा बेनव्होलिओ दोस्त मेल्यावर हे बरोबर गाळतो. ज्युलिएटची आई लगेच ओरडते की हा माँटेग्यूंचा, म्हणजे रोमिओच्या घराण्याचा, माणूस आहे, खोटं बोलतोय, रोमिओचा जीव घ्या. रोमिओचा बाप म्हणतो की कायद्याने जे करायचं तेच माझ्या पोराने केलं. तिघांचं ऐकून प्रिन्स हद्दपारी देतो. पंचनामा करताना पोरांना जो धक्का बसतो, की ‘चांगला’ माणूसही बाजू घेऊन बोलतो, तो परीक्षेतल्या कुठल्याही स्वभावचित्रणाच्या प्रश्नापेक्षा जास्त शिकवतो.

लगेच पुढचा प्रवेश घ्या, त्याच दिवशी, ब्रेक न देता. ज्युलिएट एकटी, रात्र कधी होते याची वाट बघतेय, सूर्याच्या घोड्यांना म्हणते पळा लवकर. हे स्वगत एखाद्या मुलीला अगदी आनंदात, नाचत म्हणायला सांगा. बाकीच्यांनी फक्त तिच्याकडे बघायचं. कोणी काही शिकवायची गरज पडत नाही, वर्ग आपोआप गप्प होतो, कारण सगळ्यांना माहीत आहे आणि तिला नाही. फळ्यावरच्या तक्त्यात ज्युलिएटचा नवीन रकाना करा आणि ‘टिबॉल्ट मेला, रोमिओने मारला’ समोर फुली मारा. मग नर्स दोरीची शिडी घेऊन येते आणि रडत नुसतं “मेला, मेला” करते, कोण ते सांगतच नाही. ज्युलिएटला वाटतं रोमिओ. मग नर्स टिबॉल्टचं नाव घेते, हिला वाटतं दोघं गेले. किती वेळ ताणलंय ते घड्याळ लावून बघा. आणि मग विचारा की शेक्सपिअरने नर्सला पहिल्याच वाक्यात स्पष्ट का बोलू दिलं नाही. एखादी मुलगी म्हणते की आमच्याकडे पण वाईट बातमी कोणी नीट सांगतच नाही. बरोबर आहे.

सोमवारच्या रात्रीनंतरची पहाट छोट्यात घ्या, पण घ्याच. ज्युलिएट म्हणते हा पहाटे गाणारा लार्क पक्षी नाही, रात्री गाणारा नाइटिंगेल ओरडतोय, म्हणजे अजून रात्र आहे, थांब. रोमिओ म्हणतो लार्कच आहे, थांबलो तर मरेन. मग तो म्हणतो बरं, तू म्हणतेस तर थांबतो, येऊ दे मरण, आणि त्या क्षणी ती घाबरून म्हणते नाही नाही लार्कच आहे, जा तू. दोघांनी बाजू अदलाबदल केली! प्रेमात असलेली दोन माणसं, भांडण नाही, तरी संघर्ष आहे. दोन पोरं उभी करून एवढंच करून घ्या.

त्यानंतर आईबापाचा सीन येतो आणि इथे जरा जपून. बाप पहिल्या अंकात पॅरिसला म्हणालेला असतो की पोर लहान आहे, तिची पसंती महत्त्वाची, आणि आता तोच बाप म्हणतो, लग्न कर नाहीतर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर. आई म्हणते माझ्याशी बोलू नकोस. नर्स, जिने लहानाचं मोठं केलं, ती म्हणते कर पॅरिसशी लग्न, रोमिओ काय आता असून नसल्यासारखा. तीन माणसं एकामागून एक बाजूला होतात आणि चौदा पण पूर्ण नसलेली पोरगी एकटी उरते. वर्गातल्या काही पोरांच्या घरात असले आवाज रोज असतात. म्हणून “तुमच्या घरी असं झालं तर?” हा प्रश्न अजिबात विचारू नका, नाटकातल्याच माणसांबद्दल बोला, ज्याला जे जोडायचं ते तो मनात जोडतो. आणि चौदाव्या वर्षी लग्न, यावर कोणी विचारलं तर सरळ सांगा की ते त्या नाटकातलं आहे, आपल्याकडे मुलीचं लग्नाचं कायदेशीर वय १८ आहे, आणि पुढे चला.

दुसरी एक गोष्ट आपल्या वर्गात येणारच. पोरं लगेच म्हणतात, सर हे तर जातीचं आहे, आणि एखाद्या मराठी पिक्चरचं नाव घेतात. त्यांना गप्प करू नका, ती काही वेडेपणा करत नाहीयेत, पण परत प्रोलॉगची पहिली ओळ दाखवा: दोन घराणी, दोघांची प्रतिष्ठा सारखीच. कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही, पैसा सारखा, धर्म एक, शहर एक. आणि भांडणाचं कारण? अख्ख्या नाटकात कुठेच सांगितलेलं नाही, ‘जुनं वैर’ एवढंच. आपल्याकडे जातीवरून जे होतं त्यात एका बाजूच्या हातात सत्ता असते, तिथे अन्याय कोण करतंय ते स्पष्ट असतं. इथलं वैर भाऊबंदकीच्या जास्त जवळचं आहे, बांधावरून तीन पिढ्या कोर्टात भांडणारे असतात तसं, बांध कधीच वाहून गेला तरी केस चालू. हा फरक न करता दोन्ही एकाच पोत्यात घातलं तर नाटक पण नीट कळत नाही आणि जातीचा प्रश्न पण हलका होतो.

“व्हॉट्सॲप असतं तर वाचले असते” हे वाक्य पण येणार. येऊ द्या, चांगलंय. मग विचारा नेमका कोणता मेसेज पोचला नाही. फ्रायर लॉरेन्सने फ्रायर जॉनला पत्र देऊन मँट्युआला पाठवलेलं, पण जॉन ज्या घरात गेला तिथे प्लेग असल्याचा संशय, म्हणून अधिकाऱ्यांनी दार सील केलं, तो आत अडकला. कोविडमध्ये बिल्डिंग सील झालेली ज्यांना आठवतेय त्यांना हे सांगावंच लागत नाही. आणि दुसरी बातमी, ज्युलिएट मेली ही खोटी, ती मात्र रोमिओकडे वेळेत पोचली, त्याच्या विश्वासू नोकराने स्वतः डोळ्यांनी पाहून आणलेली. खरी बातमी अडकली, खोटी घोड्यावरून आली.

फ्रायरबद्दल माझं मत फार चांगलं नाही. सगळ्यात मोठा, सगळ्यात शिकलेला माणूस, प्लॅन त्याचा, आणि थडग्यात ज्युलिएट जागी होते तेव्हा बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज आला म्हणून तिला तिथं सोडून पळतो. टीनेजर पोरं याच्यावर जेवढी चिडतात तेवढी टिबॉल्टवर पण चिडत नाहीत. त्यांना चिडू द्या, फ्रायरवर खटला भरायला लावा हवं तर, वकील, साक्षीदार, सगळं. मस्त होतो तो तास.

शेवटच्या अंकाच्या आधी मात्र शिक्षक म्हणून एक जबाबदारी आहे आणि ती टाळायची नाही. हे दोन अल्पवयीन मुलांच्या आत्महत्येचं नाटक आहे आणि तुमच्यासमोर त्याच वयाची मुलं बसली आहेत. आदल्या दिवशी सांगा की उद्या काय येणार आहे, ज्याला नको वाटेल त्याने येऊन सांगावं, कारण विचारणार नाही. विष पिण्याचा, खंजीर मारण्याचा अभिनय करून घेऊ नका, ते फक्त वाचा. “अमर प्रेम”, “प्रेमासाठी बलिदान” असली वाक्यं वर्गात फिरू देऊ नका, कारण नाटक तसं म्हणतच नाही, नाटक म्हणतं की रोमिओ थोडाच वेळ थांबला असता तर ज्युलिएट उठली असती. कोणी पोर नेहमीपेक्षा गप्प झालं, किंवा निबंधात काही वेगळं लिहिलं, तर एकटं गाठून बोला, शाळेच्या समुपदेशकाला सांगा, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ओरडून नको, नुसती लिहून ठेवा.

थडग्यातल्या सीनमध्ये फक्त एक जागा दाखवा. रोमिओ ज्युलिएटकडे बघून म्हणतो की मरणाने तुझं सौंदर्य अजून घेतलेलं नाही, ओठ लाल आहेत, गालावर अजून रंग आहे. म्हणजे त्याला दिसतंय! पुरावा डोळ्यांसमोर आहे, तो तोंडाने बोलून दाखवतोय, आणि त्याला त्याचा अर्थ लागत नाही. फळ्यावरच्या तक्त्यात आता ‘आपण’च्या खाली सगळ्या टिका आहेत आणि रोमिओच्या खाली सगळ्यात महत्त्वाची फुली. शेवट माहीत असूनही मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटतंच, “अरे थांब ना.” हे ज्याने म्हटलं त्यालाच विचारा की तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग आत्ता का म्हणालास.

मार्क द्यायचे असतील तर ‘संघर्ष म्हणजे काय ते सांगून उदाहरणं द्या’ हा प्रश्न नको, नोट्स छापून येतात. त्यापेक्षा एक पान लिहायला द्या: दोन पात्रं, एक खोली, एकाला एक गोष्ट माहीत आहे जी दुसऱ्याला नाही, प्रेक्षकाला दोन्ही माहीत आहे, ओरडणं-मारणं-मरणं बंद, आणि ती गोष्ट शेवटपर्यंत बोलली जाता कामा नये. विषय घरगुती असला तरी चालेल, निकाल लपवलेला, नोकरी गेलेली, आजी आजारी असल्याचं नातवाला न सांगितलेलं. मार्क देताना भाषा नका बघू, वाचताना तुम्ही कुठे श्वास धरला ते बघा. नाटकावरचं उत्तरच हवं असेल तर कोणताही एक संवाद निवडून तीन गोष्टी लिहायला सांगा: बोलणाऱ्याला काय हवंय, त्याला काय माहीत नाही, आणि हे आपल्याला कधी कळलं. बोर्डाच्या पेपरला सुद्धा यातून उत्तर व्यवस्थित निघतं.

पिक्चर दाखवायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. दाखवा, पण सगळं झाल्यावर, आणि अख्खा नाही, फक्त तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, दोन वेगवेगळ्या पिक्चरमधला एकापाठोपाठ एक. आधी दाखवलात तर पोरं नटांसारखंच बोलायला लागतात. पहिल्यात मर्क्युशिओ कुठल्या शब्दाला सीरियस होतो आणि दुसऱ्यात कुठल्या, एवढंच लिहून घ्या.

आणि दोनच तास मिळत असतील, जे बऱ्याच शाळांत खरं आहे, तर पहिल्या तासाला प्रोलॉग, वारांचा तक्ता आणि बाकीची गोष्ट तोंडी, पटापट. दुसऱ्या तासाला टिकांचा तक्ता आणि तो उन्हातला सीन, फक्त पहिलं आणि तिसरं वाचन. बाल्कनी गाळली तरी चालते, ती पोरांना सगळ्यांना कुठून ना कुठून माहीत असतेच.